मंदाची अडीनडीची पिशवी

मंदा गेल्याचं मला माझ्या मुलीकडून कळलं. मुलगी बेंगळुरूला, मी जुईनगरला, मंदा माझ्या समोरच्याच दारात राहणारी, आणि बातमी आली ती मात्र बेंगळुरूहून. दुपारचा चहा ठेवला होता. मुक्ताचा फोन आला, आधी नुसता श्वासच ऐकू आला, मग म्हणाली, "आई, मंदामावशी गेली गं..." मंदा चार दिवसांसाठी माहेरी, दिवाळे गावात, भावाकडे गेली होती. जेवून जरा आडवी झाली ती उठलीच नाही. वहिनीने तिचा मोबाइल उचलला, शेवटचा फोन ज्या नंबरला झाला होता तोच परत लावला, आणि तो नंबर माझ्या मुलीचा होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की शेवटचा फोन मुक्तालाच का? मला का नाही? चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मी तेच धरून बसले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. मंदाबद्दल चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत, आमची अख्खी सोसायटी लिहील. मी जे लिहिणार आहे ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही, कारण पंचवीस वर्षं तिच्यावर मनापासून जळणारी बाई आमच्या बिल्डिंगमध्ये एकच होती.

आम्ही दोघी एकाच महिन्यात इथे राहायला आलो. मी साताऱ्याकडची, बी.एड. झालेली, शाळेत भूगोल शिकवणारी. मंदा खाडीकाठच्या गावातली, सातवीनंतर शाळा सुटलेली. नवरा उरणला गोदामात कामाला, एक मुलगा. पहिले काही महिने मला तिची थोडी कीवच यायची, आणि कीव येत होती तोवर आमचं छान जमलं. तिचा लाइटबिलाचा अर्ज मी लिहून द्यायचे, तिच्या मुलाला नकाशे भरायला शिकवायचे. ती मला "टीचर" म्हणायची, मी तिला "मंदा". वयाने ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

मग तो आठवडा आला. मुक्ता तेव्हा दुसरीत होती. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, खाली पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, दुकानं बंद, लाइट नाही, मुक्ताचे बाबा ऑफिसातच अडकलेले, आणि नेमका माझा सिलिंडर संपला. घरात कणीक होती, तांदूळ होता, डाळ होती. सगळं होतं आणि काहीच नव्हतं. मी डबे उघडत होते, पुन्हा लावत होते. दार वाजलं. मंदा उभी, हातात दुधाची एक बंद पिशवी. "गॅस गेला ना? डब्यांची आदळआपट ऐकली तुझी," ती म्हणाली. "हे घे. ह्याला शिजवायला नको, थंड पानी चालतंय." पिशवीत डाळ्याचं पीठ होतं, किसलेला गूळ आणि चिमूटभर सुंठ. तिने वाटीत कालवलं. जी पोर माझ्या हातचा वरणभात तासभर गालात धरून बसायची, तिने दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि मला विचारलं, "आई, तू असं का नाही करत?" पोरीचं पोट भरलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही... पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते पुढे कधी खाली बसलं नाही.

"हे तू कधी करून ठेवलंस?" मी विचारलं. "आगोटीचं हाय," ती म्हणाली. तिच्याकडे पावसाळ्याआधी घरात बेगमी भरतात, तिला आगोट म्हणतात. होड्या वर काढल्या की चार महिने हातात रोकडा नाही, मासळी नाही, म्हणून सुकवलेलं, भाजलेलं, कुटलेलं सगळं आधीच भरून ठेवायचं. "माझा बाबा सांगायचा, पाऊस कोनाला विचारून येत नाय. मग आपन का विचारत बसायचं?" फ्लॅटमध्ये राहायला आली तरी तिची आगोट सुटली नव्हती. फक्त मडकी ठेवायला जागा नाही म्हणून तिने दुधाच्या पिशव्या धरल्या होत्या.

त्या पिशव्यांचं तंत्र सांगायलाच हवं, कारण मी ते नाकारायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि त्याहून चांगलं मला काही सुचलं नाही. दुधाची पिशवी कोपऱ्यातून न कापता वरची कड सरळ कापायची. गरम पाण्याने धुवायची, दोरीवर उलटी टांगून कडक सुकवायची. भरली की तोंड करवतीच्या जुन्या पात्यावर दुमडायचं, कड सुताएवढी बाहेर ठेवायची आणि तिच्यावरून मेणबत्तीची ज्योत फिरवायची. हळू फिरवली तर प्लॅस्टिक जळतं, घाईने फिरवली तर हवा शिरते. मंदाचा हात त्या दोहोंच्या बरोबर मधून जायचा. एकीत डाळ्याचं पीठ आणि गूळ, एकीत कुरकुरीत भाजलेले पोहे आणि शेंगदाणे, एकीत भाजलेला तांदूळ-मूगडाळ, हळद, मीठ, जिरं घालून, नुसतं पाणी ओतून शिजवायचा. मीठ-साखरेची पुडी, उलटीजुलाबाला. चिंचेची गोळी. अर्धी मेणबत्ती, दहा काड्या आणि काडेपेटीच्या कडेची घासायची पट्टी कापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. हे सगळं एका मोठ्या पिशवीत, तिच्या गळ्याला दोरा. एका माणसाचा एक दिवस भागायचा, आणि खर्च दोन वडापावांपेक्षा जास्त नाही. त्या पावसानंतर तिने सगळ्या बिल्डिंगसाठी पिशव्या भरायला घेतल्या. लोक आपापल्या घरचं धान्य आणून द्यायचे, ती भरायची. मासळी खाणाऱ्यांच्या भातात भाजून कुटलेला जवळा असायचा, त्या पिशवीला लाल दोरा. न खाणाऱ्यांना पांढरा, उपासवाल्यांना पिवळा. नारळी पौर्णिमेला पांढऱ्या-पिवळ्या दोऱ्याच्या उरलेल्या पिशव्या फोडून खाली पार्किंगमध्ये सगळ्यांचं जेवण व्हायचं. लाल दोऱ्याच्या मात्र गणपती गेल्यावर, कारण श्रावणात त्या फोडायला मंदाच तयार नसायची.

आणि तिची गाठ! दोऱ्याला ती जाळं विणायची गाठ मारायची. तिचे बाबा ओट्यावर बसून फाटकी जाळी सांधायचे, तिथे ती शिकलेली. ती गाठ सरकत नाही, सुटत नाही, कात्रीच लागते. मी शिकायचा प्रयत्न केला. दोन उन्हाळे केला. माझी आपली साधी आडगाठ पडायची, सैल. दोरा नुसता ओढला की वळसाच्या वळसा सरकून हातात यायचा. मंदा हसायची. "ऱ्हाऊ दे टीचर, तुला नाय जमायचं." मी बी.एड. होते, मला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

मी काही स्वस्थ बसले नाही. एका वर्षी माझ्या स्वतःच्या सुधारित पिशव्या काढल्या. छापील चिठ्ठ्या, आत काय, किती, कसं शिजवावं, सगळं शुद्ध मराठीत. पोहे मात्र मी तेलावर परतले, चव यावी म्हणून. महिन्याभरात सगळे खवट. मुक्ताने एक पिशवी फोडली, वास घेतला आणि नाक मुरडून समोरच्या दारात गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्या एका वर्षी एका महिला मंडळाने आम्हा दोघींना बोलावलं. मी आपत्ती, पर्जन्यमान, साठवण असं चाळीस मिनिटं बोलले, फळ्यावर तक्ता काढला. मग कुणीतरी म्हणालं, "ह्या ताईंनीही दोन शब्द बोलावेत." मंदा उठली, काहीच बोलली नाही. मेणबत्ती पेटवली, एक पिशवी बंद केली, उलटी करून हलवून दाखवली. टाळ्या थांबेनात. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "तू किती मस्त बोललीस गं. मला तर घाम फुटला." ती मनापासून म्हणत होती, याचाच मला जास्त राग आला.

पण या झाल्या वरवरच्या गोष्टी. आतली गोष्ट मुक्ताची होती. शाळेतून आली की दप्तर आमच्या घरात पडायचं आणि मुलगी समोरच्या. पहिली पाळी मंदाला कळली. बारावीला गणितात कमी पडले ते मंदाला कळलं. मी घरी वह्या तपासत असायचे, ती तिथे पिशव्या सुकवायला चिमटे देत असायची. मी रागावायचे, मंदा ऐकून घ्यायची, इतकंच तर होतं. पण ते इतकंच मला कधी जमलं नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. मंदाच्या हॉलमध्ये आम्ही दोघीच पिशव्या भरत होतो. तिचं भरणं आणि बंद करणं, माझ्याकडे दोरे. दोन ढीग माझ्यासमोर, एक जवळ्याचा, एक बिनजवळ्याचा. बोलता बोलता मंदा म्हणाली, "बेंगलोरला थंडी असते ना गं? मुक्ताच्या पिशवीत सुंठ जास्त घालते."

"कोण चाललंय बेंगलोरला?" मी विचारलं.

मंदाचा हात ज्योतीवर थांबला. प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. "...तुला बोलली नाय? नोकरी लागली तिला. बोलंल गं. तू नाय म्हनशील म्हनून घाबरते पोर."

ती चहा ठेवायला आत गेली. मी जवळ्याच्या ढिगातली एक पिशवी उचलली आणि तिला पांढरा दोरा बांधला. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले, की हात चुकला, डोळ्यांत पाणी होतं, रंग दिसला नाही. ते खोटं आहे. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी रंग बघून दोरा घेतला. ती पिशवी कुणाच्या घरी जाईल ते मला माहीत नव्हतं. कुणाच्या तरी घरी जाईल आणि मंदाचं नाव खराब होईल, एवढं मला माहीत होतं आणि तेवढंच हवं होतं.

ती गेली तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांकडे. अप्पा ऐंशीच्या घरातले, एकटे, जेवणाचा डबा बाहेरून यायचा. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली की मासळीला आयुष्यभर शिवायचं नाही, आणि त्यांनी विशीत माळ घातलेली. आषाढात मीटररूममध्ये पाणी शिरलं, दोन दिवस लाइट गेले, डबेवाली बाई येऊ शकली नाही. अप्पांनी संध्याकाळी पिशवी काढली आणि अंधुक उजेडात भात शिजवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी मंदा सगळ्या म्हाताऱ्यांची चौकशी करत फिरत होती, मी तिच्याबरोबर होते. अप्पा खुर्चीत बसले होते. गळा मोकळा होता. माळ काढून देवाच्या पेटीत ठेवली होती. "चव ओळखीची वाटली," ते हळूच म्हणाले, "म्हणून दुसरा घास घेतला. मी देवगडचा आहे. साठ वर्षांनी कळली... घशाखाली गेल्यावर कळली."

मंदा ओट्याजवळ गेली. रिकामी पिशवी तिथेच पडली होती, शेजारी पांढरा दोरा. अप्पांनी तो नुसता ओढून काढला होता. वळसा तसाच, गाठ जागेवर. मंदाने तो बोटात धरून बघितला. जाळ्याची गाठ नव्हती. बिल्डिंगमध्ये ती सैल आडगाठ मारणारी एकच बाई होती, आणि ती दारात उभी होती. मंदाने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, त्यावरूनच मला कळलं की तिला कळलं आहे. तिने दोरा मुठीत घेतला, अप्पांच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "अप्पा, चुकी माझी हाय. दोरा मी बांधलेला."

मी तोंड उघडायला हवं होतं. तिथे नाही, तर जिन्यात, जिन्यात नाही, तर रविवारच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जिथे एक गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, "मासळीवाल्यांच्या हातचं घ्यावंच कशाला?" मंदा मान खाली घालून बसली होती. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मी पर्समधून रुमाल काढला आणि घाम पुसला.

अप्पांनी कार्तिकात माळ पुन्हा घातली आणि मंदाकडे पेढे पाठवले. बाकीच्यांना जास्त वेळ लागला. पुढच्या मेमध्ये निम्म्या घरांनी पिशव्या नको म्हणून सांगितलं. मंदाने त्यांच्याही भरल्या, आपल्याच घरच्या धान्यातून. "लागंल कधी," एवढंच म्हणाली. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात ते मीटिंगवाले गृहस्थ तोंडाला पंचा बांधून तिच्या दारात उभे होते, आणि तिने त्यांच्या नावाची पिशवी काढून दिली. मी दाराच्या भिंगातून बघत होते. तेव्हाही मला काय वाटलं असेल? पश्चात्ताप नाही. हेवाच वाटला. एवढं चांगलं असणं मला का परवडत नाही, असं वाटून मी भिंगापासून बाजूला झाले.

मला वाटलं होतं ती मला पुन्हा बोलावणार नाही. ती दर वर्षी बोलवत राहिली, "टीचर, आगोट भरायला ये" म्हणून दार वाजवत राहिली. फक्त एक गोष्ट बदलली. आता ती माझ्यासमोर थोड्याच पिशव्या ठेवायची, बिल्डिंगमधल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या, आणि बाकी सगळ्या स्वतः बांधायची. मी समजले, विश्वास उडाला. थोडंच काम द्यायचं, म्हणजे थोडंच बिघडेल. मी तेही मनात धरून ठेवलं. त्या पिशव्या बहुतेक पांढऱ्या दोऱ्याच्या असायच्या, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना मी सांगितलं नाही. आणि मंदाशी त्या दोऱ्याबद्दल मी अकरा वर्षांत एक शब्द बोलले नाही.

मंदाच्या तेराव्यानंतर तिच्या मुलाने मला एक पत्र्याचा डबा आणून दिला. "काकी, हे तुमच्याकडेच राहू दे." करवतीचं पातं, मेणबत्त्यांची थोटकं, तीन रंगांची तीन रिळं. मी डबा उपडा करून शोधलं. तो दोरा त्यात नव्हता. तीनदा शोधलं. तिने तो ठेवलाच नव्हता. मी मात्र ठेवला होता, रोज काढून बघावा तसा, डोक्यात.

गेल्या आठवड्यात मुक्ता आली. मंदा नाही म्हणून ती समोरच्या दाराकडे बघतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून डबा काढला, जमिनीवर चादर अंथरली आणि म्हणाली, "बस." मला इतके दिवस एकच गोष्ट विचारायची होती आणि विचारायची भीती वाटत होती. शेवटी विचारली. "त्या शेवटच्या फोनवर काय बोलली गं मावशी?"

"आगोटीला ये म्हणत होती. ह्या वर्षी दम लागतो, तुझ्या आईवर सगळं पडंल म्हणाली."

"आणखी? माझ्याबद्दल?"

"नाही. का?"

तर तिने मुलीलाही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत, इतक्या फोनांत, माझ्या मुलीने माझ्याविरुद्ध कितीदा तरी कुरकुर केली असेल, आणि मंदाकडे एक वाक्य होतं. तिने ते कधी वापरलं नाही. मग मीच सांगितलं. बेंगलोर, जवळ्याचा ढीग, पांढरं रीळ, अप्पांची माळ, मीटिंग, रुमाल, सगळं. मुक्ता ऐकत होती आणि पिशव्यांची तोंडं बंद करत होती. एका पिशवीचं प्लॅस्टिक जळालं. तिने ती बाजूला टाकली आणि मेणबत्ती फुंकली. "मावशीला माहीत होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो. गाठ बघितली तिने."

मुक्ताने मेणबत्ती पुन्हा पेटवली. उरलेल्या पिशव्या बंद केल्या, मोठ्या पिशव्यांत भरल्या, आणि त्यांचे दोन ढीग केले. मोठा ढीग स्वतःकडे ओढला, लाल रिळाचा दोरा काढला आणि बघता बघता जाळ्याची गाठ मारली. पक्की, कात्रीशिवाय न सुटणारी. मंदाच्याच बोटांची ती सवय, माझ्या मुलीच्या बोटांत. मला दोन उन्हाळ्यांत जमली नव्हती ती गाठ तिने कधी शिकून घेतली, मला पत्ताच नाही. माझ्या पोटात तेच जुनं दुखलं. मंदा गेली तरी ते गेलेलं नाही. ते आता तिची आठवण म्हणूनच राहणार असं दिसतं.

मग मुक्ताने धाकटा ढीग माझ्याकडे सरकवला. "या म्हाताऱ्यांच्या. या तू बांध."

"मीच का? ऐकलंस ना आत्ता मी काय केलं ते?"

"मावशी नेहमी म्हणायची, म्हाताऱ्यांच्या पिशव्या आईलाच द्यायच्या. जाळ्याची गाठ कात्री मागते, अंधारात ते कात्री कुठे शोधणार? आईचा दोरा ओढला की येतो."

मी पांढऱ्या रिळाचं टोक शोधलं. पहिली पिशवी घेतली, दोऱ्याचा रंग बघितला, पुन्हा बघितला, आणि बांधली. मुक्ताने ती माझ्या हातातून घेतली आणि दोन बोटांनी दोरा ओढून पाहिला. वळसा अलगद सरकून तिच्या हातात आला.

"बरोबर," ती म्हणाली, आणि दोरा पुन्हा बांधायला माझ्याकडे दिला.